गार्डन ट्रॅक्टरच्या स्नो ब्लेडला हायड्रॉलिक बसवायचंय? मग पंपापासून नको, ब्लेडपासून सुरुवात करा

हाताच्या दांड्यावर चालणारं स्नो ब्लेड (ट्रॅक्टरपुढे लावायचं, बर्फ ढकलणारं पातं) ज्यांनी एक हिवाळा वापरलंय, त्यांना या लेखाचं कारण सांगायला नको. प्रत्येक फेरीला दोनदा दांडा हाणायचा, एकदा उचलायला आणि एकदा सोडायला. बर्फ दुसऱ्या बाजूला टाकायचा असेल तर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरायचं, कोनाची पिन उपटायची, ब्लेड पायाने ढकलायचं, पिन परत बसवायची. पिन गोठली असेल तर हातोडी. हे सगळं बसल्या जागी, दोन बोटांनी व्हावं एवढंच आपल्याला हवंय.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. हायड्रॉलिक लावल्याने ट्रॅक्टरची ढकलायची ताकद एका किलोनेही वाढत नाही. ती चाकांच्या पकडीतून येते. मागची चाकं जागच्या जागी फिरत असतील तर पैसे आधी साखळ्यांवर आणि मागच्या वजनावर घाला, हे काम पुढच्या वर्षी करा.

मला हे जमायला दोन हिवाळे लागले. पहिल्यांदा मी आधी पंप आणला, मग पंपाला बसेल असा व्हॉल्व्ह, मग उरलेल्या जागेत मावेल असा सिलिंडर. शेवटी ब्लेड इतकं सावकाश उचलायचं की फेरी संपवून मागे वळेपर्यंत ते वर आलेलं नसायचं. दुसऱ्या वर्षी उलट्या दिशेने गेलो: ब्लेड, सिलिंडर, व्हॉल्व्ह, पंप, टाकी. इथेही जवळपास तोच क्रम आहे, फक्त पंप व्हॉल्व्हच्या आधी आलाय.

१. हाताशी काय हवं

कागद: ट्रॅक्टरचं सर्व्हिस मॅन्युअल (वापरकर्त्याचं पातळ पुस्तक चालत नाही, दाब आणि तेल यांचे आकडे त्यात नसतात), व्हॉल्व्हची चिन्हांची आकृती आणि पंपाचा तांत्रिक तक्ता. व्हॉल्व्हची आकृती मिळत नसेल तर तो व्हॉल्व्ह घेऊच नका. कारण पुढे येईलच.

हत्यारं: टेप, लोंबता काटा, व्हर्निअर, आटे मोजायची पट्टी, ० ते २५० बारचं प्रेशर गेज, पान्यांचे दोन संच (एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर होजला पीळ बसतो), उघड्या तोंडांसाठी प्लास्टिकच्या टोप्या, धागे न सुटणारं फडकं, तेलाची परात. चष्मा आणि हातमोजे ऐच्छिक नाहीत. वेल्डिंग स्वतः करणार असाल तर आधी बॅटरी सोडवा आणि अर्थचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं.

२. ब्लेड किती जड आहे ते मोजा

ब्लेड जमिनीवर ठेवा, खालच्या धारेच्या मध्याला काटा अडकवा आणि वर ओढा. समजा ६० किलो आले. आता पाहा, सिलिंडर फ्रेमला कुठे लागणार? फ्रेमच्या बिजागरापासून धारेपर्यंत जेवढं अंतर आहे त्याच्या एक तृतीयांशावर लागणार असेल, तर जोर तिप्पट लागेल, म्हणजे १८० किलो. त्याबदल्यात सिलिंडरची चाल एक तृतीयांश पुरते: ब्लेड २५ सेंमी उचलायला साधारण साडेआठ सेंमी. बिजागरं गंजकी असतात आणि ब्लेडला ओला बर्फ चिकटलेला असतो, तेव्हा आकडा दुप्पट धरा. ३६० किलो.

कोन फिरवायला लागणारा जोर काट्यावर नीट मोजता येत नाही, कारण खरा भार उभ्या ब्लेडचा नसतो, समोरच्या बर्फाचा असतो. म्हणून मी सवय एकच लावून घेतली: कोन बदलायचा तर आधी ब्लेड उचलायचं. मग कोनाला उचलण्याइतकाच सिलिंडर पुरतो.

३. सिलिंडर

सूत्र शाळेतलंच आहे: जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. ४० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंमीच्या आसपास. ७० बार दाबाला तो जवळपास ९०० किलोने ढकलतो. आपल्याला ३६० हवेत, म्हणजे ४० मिमी भरपूर झाला, ३२ मिमीही पुरेल (७० बारला सुमारे ५७० किलो). "मोठा घेतला तर बरा" हा मोह आवरा. मोठा सिलिंडर दुप्पट तेल पितो, म्हणून सावकाश चालतो, आणि एखादी गोष्ट अडकली तर पिन वाकवण्याऐवजी फ्रेम वाकवतो.

वेगाचा हिशेबही इथेच करून टाका. ४० मिमी बोअर, १५० मिमी चाल: पोटात १८८ घनसेंमी तेल. मिनिटाला ४ लिटर देणारा पंप सेकंदाला ६७ घनसेंमी देतो. पूर्ण चाल पावणेतीन-तीन सेकंदांत होते. हातात ट्रॅक्टर असताना हा वेग अगदी बरा वाटतो. पाच सेकंदांच्या पुढे गेलात की चिडचिड सुरू होते.

परत येताना रॉडची जाडी जागा अडवते, त्यामुळे सिलिंडर आत ओढताना जोर कमी आणि वेग जास्त. कोनाला एकच सिलिंडर लावला तर डावीकडे आणि उजवीकडे वेग थोडा वेगळा दिसेल. तो बिघाड नव्हे.

खरेदीआधी पुठ्ठ्याची पट्टी घ्या, सिलिंडरच्या मिटलेल्या लांबीएवढी. दुसरी घ्या, उघडलेल्या लांबीएवढी (मिटलेली लांबी अधिक चाल). ब्लेड खाली, वर, डावीकडे, उजवीकडे, आणि वर असताना डावीकडे-उजवीकडे अशा प्रत्येक अवस्थेत पट्ट्या पिनांच्या जागी धरून पाहा. फ्रेम आपल्या लोखंडी अडथळ्यावर टेकल्यावर सिलिंडरमध्ये दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर चाल उरायला हवी. अडथळ्याचा धक्का फ्रेमने खायचा असतो, पिस्टनने नाही.

४. फ्लोट: इथे घाई करू नका

नव्या माणसाला सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट ही. हाताच्या दांड्यावर ब्लेड सोडलं की ते स्वतःच्या वजनाने जमिनीवर टेकतं आणि उंचवटा-खड्डा येईल तसं वरखाली होतं. हाच फ्लोट. दुहेरी क्रियेचा (तेलाच्या दाबाने दोन्ही दिशांना ढकलणारा) सिलिंडर लावला की हे बंद. व्हॉल्व्ह मधोमध असताना तेल दोन्ही बाजूंनी कोंडलेलं असतं. मग उंचवट्यावर ब्लेड रुततं आणि खड्ड्यावरून नुसतंच तरंगतं. आणि दांडा जरा जास्त खाली दाबलात तर ब्लेड ट्रॅक्टरचं नाक उचलतं: पुढची चाकं हवेत, स्टिअरिंग फिरवा कितीही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, फ्लोट असलेला स्पूल (व्हॉल्व्हमधली तेलाची वाट बदलणारी सरकती दांडी): दांडा पुढे पूर्ण ढकलला की तो खटकन अडकतो आणि सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात. दुसरा गावठी, पण मला फार आवडतो: सिलिंडर आणि फ्रेम यांच्या जोडपट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच. उचलताना पिन खाचेच्या टोकाला टेकून ब्लेड ओढते, सोडल्यावर पिन खाचेत मोकळी राहते आणि ब्लेड आपल्या वजनावर. साखळीनेही हेच होतं. तोटा एकच, ब्लेडवर वरून दाब देता येत नाही. बर्फासाठी त्याची गरजही नसते. पहिल्यांदाच हे करत असाल तर खाच करा. माझ्याकडे आता फ्लोटचा स्पूल आहे, पण खाच मी बुजवलेली नाही.

५. तेलाला दाब कुठून आणायचा

ट्रॅक्टरचीच जोडतोंडं. काही गार्डन ट्रॅक्टरना अवजारासाठी हायड्रॉलिकची तोंडं मुळातच असतात. असतील तर नशीबवान आहात, पंपाचा विषयच संपला. पण हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या) गिअरबॉक्सवर दिसणारं प्रत्येक बूच म्हणजे असं तोंड नव्हे. तिथे चार्ज पंपाचा (गिअरबॉक्सला तेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा) दाब तपासायचं छिद्रही असतं. तो दाब कमी असतो आणि तो गिअरबॉक्सला स्वतःला हवा असतो. तिथून तेल चोरलंत तर ब्लेड धड उचलणार नाही आणि गिअरबॉक्स मात्र जाईल. मॅन्युअल उघडा, तोंडाचं नाव वाचा, मगच पाना लावा.

१२ व्होल्टचा पॉवर पॅक. मोटर, पंप, टाकी आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल टाकीत सोडणारा) एकाच डब्यात. बसवायला सोपा, म्हणून बहुतेक जण हाच घेतात. अडचण विजेची. अशी मोटर भाराखाली १०० अँपिअरच्या पुढे सहज जाते आणि गार्डन ट्रॅक्टरचं चार्जिंग बहुधा १५-२० अँपिअरचं. समजा १२० अँपिअर तीन सेकंद घेतले. दिवे, इग्निशन वजा जाता चार्जिंगचे ६ अँपिअर उरत असतील, तर तेवढी एक उचल भरून काढायला मिनिट लागतं. फेरी मिनिटाची असेल तर जेमतेम जमतं, आखूड वाटेवर बॅटरी हळूहळू बसत जाते, त्यात थंडीत तिची ताकद आधीच घटलेली. मोठी बॅटरी लावा आणि दिवे एलईडी करा.

वायरीत कंजुषी नको. बॅटरीपासून जाऊन-येऊन चार मीटर अंतर धरलं तर ६ चौरस मिमीच्या वायरीत १२० अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जिरतात, २५ चौरस मिमीच्या केबलीत ०.३ व्होल्ट. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, पॅकच्या जवळ नको. मधली केबल घासून उघडी पडली तर तिचं रक्षण बॅटरीजवळचाच फ्यूज करतो.

इंजिनवर पट्ट्याने चालणारा पंप. कष्ट जास्त, पण एकदा बसला की निवांत. ४ लिटर मिनिटाला, ७० बारला: लिटर गुणिले बार भागिले ६००, म्हणजे अर्ध्या किलोवॅटहून जरा कमी, तूट धरून ०.६. इंजिनाला जाणवणारही नाही. दोन सापळे लक्षात ठेवा. पुष्कळ गिअर पंपांचा शाफ्ट पट्ट्याची बाजूची ओढ सहन करायला बनवलेलाच नसतो. त्यांना वेगळं बेअरिंग लावून मगच पुली. आणि फिरण्याची दिशा शाफ्टच्या बाजूने पाहून ठरवायची. पंप उलटा फिरला तर त्याच्या शाफ्टचं सील दाबाने बाहेर येतं, तेही पहिल्या काही क्षणांतच. गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचा जुना पंप इथे चांगला लागू पडतो, कारण तो पट्ट्यासाठीच घडवलेला असतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्याच्या पोटातच असतो.

६. व्हॉल्व्ह, म्हणजे माझी पहिली फजिती

दोन कामं, म्हणून दोन स्पूलांचा व्हॉल्व्ह. घेताना आकृतीत तीन गोष्टी पाहा.

पहिली, ओपन सेंटर की क्लोज्ड सेंटर. सतत फिरणाऱ्या गिअर पंपाला ओपन सेंटरच हवा: दांडे मध्ये असताना तेल व्हॉल्व्हमधून सरळ टाकीत परत जातं. क्लोज्ड सेंटर लावलात तर तेल दिवसभर रिलीफ व्हॉल्व्हवरून उड्या मारत राहील आणि बर्फातही टाकीला हात लावता येणार नाही इतकं तापेल.

दुसरी, सिलिंडर स्पूल की मोटर स्पूल. मी आणलेला पहिला व्हॉल्व्ह बाहेरून अगदी हवा तसाच होता. ब्लेड उचललं, दांडा सोडला, ब्लेड धाडकन खाली. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. आठवडाभर मी सिलिंडरच्या सीलवर संशय घेत बसलो, एकदा सिलिंडर खोललाही. सील नवीकोरी. शेवटी आकृती काढून पाहिली: मधल्या चौकोनात दोन्ही तोंडं टाकीला जोडलेली. तो मोटर स्पूल होता. हायड्रॉलिक मोटर दांडा सोडल्यावर मोकळी फिरून थांबावी म्हणून तसा बनवलेला असतो. आपल्याला मधल्या चौकोनात सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद दिसायला हवीत.

तिसरी, पॉवर बियाँड. आपला व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या आधीपासून असलेल्या लिफ्ट व्हॉल्व्हच्या आधी जोडत असाल, तर पुढच्या व्हॉल्व्हला दाबाचं तेल देणारं हे तोंड लागतं, शिवाय टाकीची वेगळी लाइन. साध्या टाकीच्या तोंडातून पुढचा व्हॉल्व्ह चालवू नका. बऱ्याच व्हॉल्व्हांमध्ये ते तोंड तेवढ्या दाबासाठी नसतं.

कोनाच्या सिलिंडरला क्रॉसओव्हर रिलीफ लावा. ब्लेडचं टोक फरशीच्या कडेला आपटलं की क्षणात दाब प्रचंड वाढतो. क्रॉसओव्हर तो दुसऱ्या बाजूला सोडतो आणि ब्लेड थोडं वळून सुटतं. तो नसेल तर रॉड वाकतो. ब्लेडच्या मूळच्या स्प्रिंगा मात्र काढू नका, त्यांचं काम वेगळं आहे: खालची धार अडली की ब्लेड पुढे झुकवणं.

७. होज आणि आटे

एवढ्याशा प्रवाहाला पाव इंची होज पुरते. तारेच्या जाळीची, दाबाचा आकडा छापलेलीच घ्या. पंपाच्या ओढीची होज मात्र जाड हवी, पाऊण इंची. ती बारीक असेल तर थंडीतलं घट्ट तेल पंपापर्यंत पोचत नाही आणि पंप रडायला लागतो. तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही, खडे दळल्यासारखा.

आट्यांचा घोळ सगळ्यांनाच गाठतो. अर्धा इंच एनपीटी (अमेरिकी पाइप आटे) आणि अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे), दोन्हींत इंचाला १४ आटे. हाताने फिरवलं तर दीड-दोन वेढे छान बसतात. पण एकाच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५, शिवाय एनपीटी निमुळता. घट्ट केलं तरी गळतं, आणखी घट्ट केलं तर व्हॉल्व्हचं बीड तडकतं. प्रत्येक तोंडावर चिठ्ठी लावून आटे लिहा, मग दुकानात जा.

टेफ्लॉन टेप हायड्रॉलिकमध्ये नकोच. जेआयसीची जोडणी धातूच्या शंकूवर आणि ओआरबीची ओ-रिंगवर बंद होते. टेपने काही साधत नाही, तिचे तुकडे मात्र स्पूलमध्ये जाऊन अडकतात. निमुळत्या आट्यांना द्रव सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरे सोडून. नळकामाचे जस्ताचे जोड तर लांबच ठेवा.

होज बांधण्याआधी ब्लेड प्रत्येक टोकाला नेऊन पाहा. मी जमिनीवर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करून पाहिलं होतं. वर उचलून पूर्ण डावीकडे केलं नव्हतं. त्या एका अवस्थेत फ्रेम आणि ब्लेडच्या पाठीमध्ये बोटभर फट राहते, आणि होज नेमकी तिथून जात होती. तिसऱ्या फेरीला बर्फावर लाल रेघ दिसली.

८. टाकी आणि तेल

ती रेघ लाल होती म्हणून लवकर दिसली, कारण मी ऑटोमॅटिक गिअरचं तेल, एटीएफ, वापरतो. ते गोठणबिंदूखालीही बऱ्यापैकी वाहतं. ४६ ग्रेडचं नेहमीचं हायड्रॉलिक तेल कडाक्यात मधासारखं होतं. त्याऐवजी थंडीसाठीचं २२ किंवा ३२ ग्रेडही चालेल. पंप आणि पॉवर पॅक बनवणाऱ्याने तेल सांगितलं असेल तर तेच भरा. आणि ट्रॅक्टरच्याच तोंडांवरून चालवत असाल तर निवडीचा प्रश्न नाही: गिअरबॉक्सचं तेल, दुसरं काही नाही.

परतीच्या लाइनवर १० किंवा २५ मायक्रॉनची गाळणी. टाकीची पातळी सगळे सिलिंडर मिटलेले असताना पाहा. उघडलेले असताना काठोकाठ भरली तर मिटताना रॉडच्या आकाराएवढं तेल परत येतं आणि झाकणातून सांडतं. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. थंडीत हे पाणी ओढीच्या जाळीवर गोठतं आणि पंप कोरडा फिरतो. असं तेल बदला, थोडं वर ओतून भागवू नका.

९. पहिल्यांदा सुरू करताना

१. ब्लेड जमिनीवर. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल. गेज लावलेलं.
२. सिलिंडरची एक पिन काढून तो मोकळा करा, बिनभाराचा आठ-दहा वेळा आत-बाहेर चालवा. हवा टाकीत निघून जाते. टाकीवर फेस दिसला तर अर्धा तास थांबा.
३. पिन लावा. सिलिंडर टोकाला नेऊन दांडा धरून ठेवा आणि गेज बघत स्क्रू थोडा थोडा आवळा. ब्लेड व्यवस्थित उचलेल एवढ्यावर थांबा. माझं ५५ बारला उचलतं, ७० ला लावून ठेवलंय. दाब कधीही सगळ्यात कच्च्या भागाच्या मर्यादेखालीच.
४. इंजिन बंद, दांडे सगळ्या दिशांना हलवून दाब सोडा, मग जोड तपासा.

गळती शोधायला हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं. पुठ्ठा फिरवा. तेल कातडीत शिरलंच तर जखम किती लहान दिसते ते बघत बसू नका, त्याच घटकेला रुग्णालय गाठा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. सुरुवातीला दुखत नाही आणि तिथेच लोक फसतात. उचललेल्या ब्लेडखाली हात घालायचा तर आधी ठोकळे लावा. व्हॉल्व्हवर विसंबू नका.

१०. दांड्यांची दिशा आणि हंगाम संपल्यावर

दांडा मागे ओढला की वर, पुढे ढकलला की खाली, आणखी पुढे की फ्लोट. उलट होत असेल तर सिलिंडरच्या दोन होजा अदलाबदल करा. पहाटे अर्धवट झोपेत हात सवयीनेच चालतो.

ब्लेड काढण्यासाठी झटपट जोड लावले असतील तर काढण्याआधी ब्लेड जमिनीवर ठेवा, इंजिन बंद करा, दांडे हलवून दाब सोडा आणि दोन्ही बाजूंना टोप्या लावा. रॉड मिटवून ठेवा. उघडा राहिलेला रॉड गंजतो आणि पुढच्या हिवाळ्यात सील कापतो. दाब न सोडता काढलंत, तर उन्हात ठेवलेल्या ब्लेडच्या होजमध्ये तेल फुगतं आणि थंडीच्या आदल्या रात्री जोड काही केल्या बसत नाही. तसं झालंच तर हातोडी उचलू नका. डोळ्यांवर चष्मा चढवा, खाली परात आणि वर फडकं धरून सिलिंडरकडचा होजचा नट पाव वेढा सैल करा, थेंबभर तेल येऊ द्या, परत आवळा.